लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपची स्क्रीन फुगलेली, धूसर दिसते? रेझोल्यूशन असं ठीक करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठीचा मोफत आधार संपला. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कपाटातले जुने लॅपटॉप काढून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्सचे मिंट किंवा उबुंटू हे प्रकार टाकले. त्यांपैकी निम्म्या जणांचे फोन एकाच तक्रारीचे होते: "सगळं चालतंय, पण स्क्रीन विचित्र दिसते." आयकॉन अवाढव्य, खिडकीचं खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर, गोल चिन्हं लंबगोल. मराठी वाचायला घेतलं की त्रास आणखी वाढतो, कारण वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. इंग्रजी अक्षर धूसर झालं तरी ओळखू येतं. ‘र्की’ मधला रफार वेलांटीत बुडाला की शब्दच बदलतो.

हे जवळजवळ नेहमीच दुरुस्त होतं. मात्र उपाय शोधण्याआधी कारण शोधायला हवं. इंटरनेटवर सापडणारी पहिली कमांड उचलून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवली की साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

एक सूचना आधीच करतो. या लेखात कमांड देवनागरीत, अक्षरं सुटी करून दिल्या आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरं जोडून लिहायची, आकडेही इंग्रजीच.

स्क्रीन धूसर का होते

लॅपटॉपची स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची पक्की जाळी. १३६६ × ७६८ ची स्क्रीन असेल तर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे १० लाख ४९ हजारांवर ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. ते कमीजास्त होत नाहीत. आता लिनक्सने चुकून १०२४ × ७६८ चं चित्र पाठवलं तर १०२४ ठिपक्यांचं चित्र १३६६ ठिपक्यांवर ताणावं लागतं. म्हणजे दर तीन ठिपक्यांचं काम चार ठिपक्यांत वाटायचं. मधल्या ठिपक्यांना शेजाऱ्यांचा रंग मिसळून घ्यावा लागतो, तोच आपल्याला धूसरपणा म्हणून दिसतो. उंची तेवढीच राहून रुंदी ताणली गेली, म्हणून वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं.

स्क्रीनचं अंगचं रेझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) असतं तेच योग्य. बाकी सगळी तडजोड.

हे अंगचं रेझोल्यूशन स्क्रीन स्वतःच सांगते. प्रत्येक लॅपटॉपच्या पॅनलमध्ये एका छोट्या चिपवर त्याचं ओळखपत्र साठवलेलं असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटांचा असतो, पण रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करायचं, हे सगळं त्यात असतं. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होताना ते वाचतो आणि योग्य रेझोल्यूशन आपोआप लावतो. म्हणूनच लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर योग्य रेझोल्यूशन यादीतच नसेल, तर बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा नसतो. ओळखपत्र वाचणारा ड्रायव्हरच कामावर आलेला नसतो. या एका वाक्यावर पुढचा सगळा तपास उभा आहे.

पायरी १: आपली स्क्रीन नेमकी कोणती

लॅपटॉपच्या खोक्यावर, बिलावर किंवा मॉडेल नंबरवरून हे कळतं. नुसतं ‘एचडी’ लिहिलं असेल तर बहुधा १३६६ × ७६८. ‘फुल एचडी’ किंवा ‘एफएचडी’ असेल तर १९२० × १०८०. थोड्या उंच, नव्या स्क्रीन १९२० × १२०० च्या असतात. आकडा कागदावर लिहून ठेवा.

आता डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. मिंटमध्ये मेनूत ‘डिस्प्ले’ शोधलं तरी चालेल. रेझोल्यूशनच्या यादीत आपला आकडा असेल तर तो निवडा, ‘अप्लाय’ दाबा आणि ‘हे बदल ठेवायचे का’ या प्रश्नाला होकार द्या. स्क्रीन काळी झाली तर कशालाही हात लावू नका. होकार मिळाला नाही तर काही सेकंदांनी जुनं रेझोल्यूशन आपोआप परत येतं.

इथेच काम झालं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आकडा बरोबर आहे, पण अक्षरं बारीक दिसतात

ही तक्रार वेगळी आहे आणि तिच्यावर लोक हमखास चुकीचा उपाय करतात: रेझोल्यूशन कमी करतात. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६ × ७६८ असेल तर एका इंचात साधारण १०० ठिपके येतात. १४ इंची स्क्रीनवर १९२० × १०८० असेल तर ते १५७ होतात. ठिपका लहान झाला म्हणून अक्षर लहान. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना ते झेपत नाही हे खरं, पण त्यासाठी ठिपके वाया घालवू नका, स्केल (अक्षरं-आयकॉनांचा आकार) वाढवा.

उबुंटूत त्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘स्केल’ आहे. ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’ चालू केलं की १२५ टक्क्यांसारखे मधले आकडे मिळतात. जुन्या लॅपटॉपवर हे मधलं स्केलिंग ग्राफिक्स चिपला जड जाऊ शकतं. तिथे मी फक्त अक्षरं मोठी करतो: मिंटमध्ये ‘फॉन्ट सिलेक्शन’ मधला टेक्स्ट स्केलिंगचा आकडा १.० वरून १.२ करायचा, उबुंटूत ‘ॲक्सेसिबिलिटी’ मध्ये ‘लार्ज टेक्स्ट’ चालू करायचं. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपवर एवढंच केलंय. ते रोज त्यावर वर्तमानपत्र वाचतात.

प्रोजेक्टर लावला आणि नंतर बिघडलं

माझी मावसबहीण शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातला प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचं तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना दोघांनाही जमेल असं रेझोल्यूशन घ्यावं लागतं, म्हणून लॅपटॉप खाली उतरतो. वायर काढल्यावर तो बहुतेक वेळा मूळपदावर येतो. तिचा येत नव्हता.

कारण असं की, लिनक्स प्रत्येक स्क्रीनजोडणीची सेटिंग एका फाइलीत लक्षात ठेवतं, आणि तिथे चुकीची नोंद बसली होती. फाइल मॅनेजर उघडून आपल्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. लपलेले फोल्डर दिसू लागतील. ‘.कॉन्फिग’ नावाच्या फोल्डरमध्ये उबुंटूत ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’ नावाची फाइल असते, मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये ‘सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल’. ती पुसू नका, नाव बदला. शेवटी ‘जुनी’ जोडलं तरी पुरे. मग लॉग आउट करून परत या. फाइल सापडली नाही की लिनक्स पुन्हा ओळखपत्र वाचतं आणि अंगचं रेझोल्यूशन लावतं.

यादीत योग्य आकडा नाहीच

खरा तपास इथून सुरू होतो. यादीत फक्त १०२४ × ७६८ किंवा ८०० × ६०० असेल, किंवा यादीत एकच आकडा असून तो बदलताच येत नसेल, तर ड्रायव्हरकडे वळायचं.

आधी सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’ किंवा ‘अबाउट’ पानावर ‘ग्राफिक्स’ समोर काय लिहिलंय ते पाहा. मिंटमध्ये हे ‘सिस्टीम इन्फो’ मध्ये दिसतं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव दिसलं, तर ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर स्वतः रंगवतो आहे. व्हिडिओ अडखळत असतील, पंखा सतत फिरत असेल, तर त्याचंही कारण हेच.

आता टर्मिनल उघडून ही कमांड द्या: सी-ए-टी, मग एक जागा, मग /पी-आर-ओ-सी/सी-एम-डी-एल-आय-एन-ई. एंटर मारल्यावर एक-दोन ओळींचं उत्तर येईल. त्यात ‘नोमोडसेट’ हा शब्द आहे का ते बघा. इंग्रजी अक्षरं एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी.

हा शब्द सापडला तर गुन्हेगार बहुधा सापडला. लिनक्स टाकताना काही लॅपटॉपवर स्क्रीन काळीच राहते. तेव्हा आपण सुरुवातीच्या मेनूतून ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडतो. तो पर्याय कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हाच शब्द देतो. त्याचा अर्थ: ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीनची मांडणी हातात घेऊ देऊ नकोस, फर्मवेअरने (मशीनमधल्या मूळ प्रोग्रॅमने) दिलं तेवढ्यावर भागव. टाकण्यापुरती ती सोय चांगली आहे. पण कधी कधी तो शब्द कायमच्या सेटिंगमध्ये राहून जातो, आणि मग ड्रायव्हर असूनही दाराबाहेर उभा.

कायमचा बदल करण्याआधी एकदाच करून बघा. लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच एस्केप दाबा. जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरावी लागते. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आला की पहिल्या ओळीवर राहून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातला नोमोडसेट खोडा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ १० दाबा. हा बदल फक्त या एका वेळेपुरता असतो. स्क्रीन नीट उजळली तर निदान पक्कं. काळी राहिली तर पॉवर बटण दाबून धरा, बंद करा, परत सुरू करा. सगळं पूर्वीसारखं असेल.

निदान पक्कं झाल्यावर कायमचा उपाय. टर्मिनलमध्ये एस-यू-डी-ओ, जागा, एन-ए-एन-ओ, जागा, /ई-टी-सी/डी-ई-एफ-ए-यू-एल-टी/जी-आर-यू-बी अशी कमांड द्या. पासवर्ड मागेल, टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. उघडलेल्या फाइलीत ‘ग्रब सीएमडीलाइन’ ने सुरू होणाऱ्या, मोठ्या अक्षरांतल्या दोन ओळी आहेत. त्यांतल्या अवतरणचिन्हांतून नोमोडसेट काढा. ‘क्वाएट स्प्लॅश’ राहू द्या. अवतरणचिन्ह चुकून पुसलं जात नाही ना, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग एस-यू-डी-ओ, जागा, यू-पी-डी-ए-टी-ई-हायफन-जी-आर-यू-बी ही कमांड. ती विसरली की फाइल बदलूनही काहीच होत नाही. शेवटी रीस्टार्ट.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर क्रम उलटा

एनव्हिडिया कार्डाच्या लॅपटॉपवर नोमोडसेट आधी काढलं तर स्क्रीन गोठू शकते, कारण तो शब्द मुळात त्यासाठीच टाकावा लागलेला असतो. तिथे आधी ड्रायव्हर, मग हा शब्द काढणं.

चिप कोणाची आहे हे बघायला एल-एस-पी-सी-आय, जागा, हायफन-के अशी कमांड द्या. लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असतं. इंटेलसाठी तिथे साधारणपणे आय ९१५ दिसायला हवं, एएमडीसाठी एएमडीजीपीयू किंवा जुन्या चिपवर रेडिऑन, एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा एनव्हिडिया. ‘इन यूज’ ची ओळच नसेल तर ड्रायव्हर चढलेलाच नाही.

एनव्हिडियासाठी मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा. इंटरनेट चालू हवं. ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तो निवडा. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाइल उतरवून हाताने टाकू नका, असा माझा आग्रह आहे. पुढच्या कर्नल अपडेटला ती हमखास गोंधळ घालते. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ आधीपासून असतं. त्यात आधी एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे फसलं तरी कालची स्थिती परत आणता येते.

एक गोष्ट नवख्यांच्या हातून सुटते. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीचा मेनू येतो. बहुतेक जण घाबरून ‘कंटिन्यू बूट’ निवडतात. तसं केलं की ड्रायव्हरची सही मान्य होत नाही, तो चढत नाही आणि रेझोल्यूशन होतं तसंच राहतं. तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची सही मान्य करणं) निवडायचं, पुढे होकार द्यायचा आणि तोच पासवर्ड टाकायचा.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर अडचण उलट्या बाजूने येते: चिप नवी, कर्नल जुना. उबुंटू २२.०४ पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात ५.१५ कर्नल होता, २४.०४ मध्ये ६.८. चिप त्यानंतर बाजारात आली असेल तर जुन्या कर्नलला ती ठाऊकच नसते. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे, तिथून नवा टाकता येतो. डेबियन हा लिनक्सचा आणखी एक प्रकार वापरणाऱ्यांनी चिपला लागणारं फर्मवेअर तपासावं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते टाकण्याच्या डिस्कमध्येच मिळतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत वेगळं टाकावं लागायचं आणि एएमडीच्या चिप त्यावाचून अडून बसायच्या.

मग त्या प्रसिद्ध कमांडचं काय

इंटरनेटवर या प्रश्नाचं सगळ्यात जास्त दिसणारं उत्तर म्हणजे एक्स-आर-ए-एन-डी-आर, टर्मिनलमधून रेझोल्यूशन बदलणारी कमांड. त्यामागे इतिहास आहे. २००९ मध्ये २.६.२९ कर्नलबरोबर इंटेल चिपसाठी स्क्रीनची मांडणी कर्नलमध्ये आली. त्याआधी लोक सेटिंगची फाइल हाताने लिहीत. इंटेलच्या काही लॅपटॉपवर १२८० × ८०० मिळवायला ‘९१५ रेझोल्यूशन’ नावाचं वेगळं साधन लागायचं. त्या काळातले लेख अजून वाचले जातात, म्हणून तेच उपाय फिरत राहतात. ड्रायव्हरच चढलेला नसताना ही कमांड दिली तर नुसती त्रुटी पदरात पडते.

एका ठिकाणी मात्र ती खरंच उपयोगी आहे: बाहेरचा मॉनिटर जुन्या व्हीजीए वायरने जोडलेला असताना. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून ओळखपत्र येतं. स्वस्त वायरीत या जोडलेल्याच नसतात किंवा वाकून तुटलेल्या असतात. मग ड्रायव्हर ठणठणीत असूनही मॉनिटर कोण आहे हे त्याला कळत नाही. आधी दुसरी वायर लावून बघा. तेच जमत नसेल तर पुढचं करा.

ही कमांड एक्स ११ वरच चालते, वेलँडवर नाही (लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था). मिंटचं सिनॅमन मुळात एक्स ११ वर असतं. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिन करताना खाली उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ (म्हणजे एक्स ११) निवडता येतं, २५.१० पासून तो पर्याय काढला आहे.

टर्मिनलमध्ये सी-व्ही-टी, जागा, १९२०, जागा, १०८० असं लिहा. हव्या रेझोल्यूशनचं, म्हणजे ‘मोड’ चं, वर्णन करणारी ‘मोडलाइन’ ने सुरू होणारी ओळ येईल: अवतरणांत नाव, मग १७३.००, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६ आणि पुढचे आकडे. १७३ म्हणजे सेकंदाला १७ कोटी ३० लाख ठिपके. १३६६ मागितलं तर उत्तर १३६८ येतं, तेव्हा गोंधळू नका. हे गणित आठ-आठ ठिपक्यांच्या गटात चालतं आणि १३६६ ला आठने भाग जात नाही.

आता तीन कमांड, तिन्हींच्या सुरुवातीला एक्स-आर-ए-एन-डी-आर. पहिलीत दोन हायफन आणि ‘न्यूमोड’, पुढे ‘मोडलाइन’ हा शब्द सोडून बाकी सगळी ओळ चिकटवायची. दुसरीत दोन हायफन आणि ‘ॲडमोड’, मग मॉनिटरचं नाव, मग त्या मोडचं नाव. मॉनिटरचं नाव नुसती एक्स-आर-ए-एन-डी-आर दिली की ‘कनेक्टेड’ शब्दाच्या आधी दिसतं, जसं व्हीजीए-१. ‘ईडीपी’ किंवा ‘एलव्हीडीएस’ नावाची ती लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन. तिला हात लावू नका. तिसरीत दोन हायफन ‘आउटपुट’, मॉनिटरचं नाव, दोन हायफन ‘मोड’, मोडचं नाव. लॉग आउट केलं की हे विसरलं जातं. टिकवायचं तर या तीन ओळी होम फोल्डरमध्ये ‘.एक्सप्रोफाइल’ (टिंब, मग एक्स-पी-आर-ओ-एफ-आय-एल-ई) नावाच्या फाइलीत ठेवा.

स्क्रीन काळी झाली तर

कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. बहुतेक वेळा काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन येतं. नाव, पासवर्ड टाका. वर सांगितलेल्या मॉनिटर्सच्या फाइलीचं किंवा एक्सप्रोफाइलचं नाव एम-व्ही कमांडने बदला: एम-व्ही, जागा, जुनं नाव, जागा, नवं नाव (मॉनिटर्सच्या फाइलीच्या दोन्ही नावांआधी ‘.कॉन्फिग/’ लावायचं). मग एस-यू-डी-ओ, जागा, आर-ई-बी-ओ-ओ-टी.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायचं झालं, तर ‘स्क्रीन नीट दिसत नाही’ एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. आय-एन-एक्स-आय, जागा, हायफन आणि मोठा जी अशी कमांड द्या. मिंटमध्ये ती आधीपासून असते. तिच्या उत्तरात चिप, ड्रायव्हर, एक्स ११ की वेलँड आणि सध्याचं रेझोल्यूशन, सगळं येतं. त्याच्याबरोबर वरच्या सी-ए-टी कमांडचं उत्तर, लॅपटॉपचा मॉडेल नंबर आणि पहिल्या पायरीला कागदावर लिहिलेला आकडा पाठवा.